एलीया संदेष्टा: अग्निरथाच्या आधी नाबोथाचा मळा वाचा

सदरची सुलभा (नागपूर)

एलीया म्हटलं की संडेस्कूलच्या मुलांना तीन गोष्टी तोंडपाठ असतात. कावळ्यांनी आणून दिलेली भाकर, कर्मेल डोंगरावर आकाशातून पडलेला अग्नी आणि शेवटी स्वर्गात जातानाचा अग्निरथ. तिन्ही मोठ्याच गोष्टी आहेत. पण बायबलातल्या ‘१ राजे’ या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात नाबोथ नावाच्या शेतकऱ्याची गोष्ट आहे. ती आपण मुलांना सांगत नाही, आणि मोठ्यांच्या उपासनेतही ती क्वचितच वाचली जाते. एलीयाचं खरं मोठेपण मला तिथं दिसतं, म्हणून हा धागा.

ज्यांनी बायबल वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं सांगते. काळ इसवी सनापूर्वी नववं शतक. इस्राएलचं राज्य फुटून दोन झालेली आहेत, उत्तरेकडच्या राज्यावर अहाब राजा आहे. राजधानी शोमरोन, आणि इज्रेल गावात आणखी एक राजवाडा. राणी ईजबेल ही सीदोनच्या राजाची मुलगी. तिच्यासोबत बआल या देवाची पूजा राजवाड्यात आली आणि परमेश्वराचे संदेष्टे मारले जाऊ लागले. अशा वेळी गिलाद भागातला एलीया, ज्याच्या आईवडिलांचं नावही ग्रंथात नाही, एकाएकी राजासमोर उभा राहतो आणि सांगतो की माझ्या शब्दावाचून आता दंव पडणार नाही आणि पाऊसही नाही.

आता नाबोथाकडे येते. त्याचा द्राक्षमळा इज्रेलच्या राजवाड्याला लागून होता. अहाबाला तिथं भाजीपाला लावायचा होता. त्यानं मागणी अगदी रीतसर केली: याहून चांगला मळा देतो, नाहीतर पैसे देतो. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी तुम्हाला देणं परमेश्वर माझ्याकडून न घडवो. हा हटवादीपणा नव्हता. बायबलातल्याच लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात जमीन कायमची विकू नये असं स्पष्ट सांगितलंय, कारण जमीन देवाची, माणसं तिच्यावर पाहुणी. नाबोथ नियमानं वागत होता आणि राजाला तो नियम पाठ असायला हवा होता.

अहाब घरी आला, तोंड फिरवून पलंगावर पडला आणि जेवेना. ईजबेलनं कारण विचारल्यावर त्यानं जे सांगितलं ते नीट वाचा. नाबोथाचं वाक्य सांगताना त्यानं वाडवडिलांचं वतन हा भाग गाळला. ‘माझा मळा देणार नाही’ एवढंच त्यानं म्हटलं, असं सांगितलं. माणसाच्या तोंडचं कारण काढून घेतलं की मागे नुसता नकार उरतो, आणि नकार राजाला अपमानासारखा दिसतो. पुढं ईजबेलनं राजाच्या नावानं पत्रं लिहिली, राजाची मोहर लावली, गावात उपास जाहीर करायला लावला, नाबोथाला लोकांपुढं मानाच्या जागी बसवलं आणि दोन खोटे साक्षीदार उभे केले. यानं देवाला आणि राजाला शाप दिला, अशी साक्ष झाली. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी ठेचून मारलं. अहाब उठला आणि मळ्याचा ताबा घ्यायला निघाला.

त्या मळ्यातच एलीया त्याला गाठतो. ‘तू खून करून वतनही बळकावलंस काय?’ एवढाच प्रश्न. तिथं आकाशातून अग्नी पडत नाही, वेदी नाही, जमाव नाही. एक माणूस दुसऱ्या माणसापुढं मळ्यात उभा आहे, आणि त्यातला एक राजा आहे.

तुम्हाला काय वाटतं? इतर परंपरांमध्ये एलीयाबद्दल काय सांगतात तेही कोणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा.

वावरातला वसंता (काटोल)

ताई, मी ख्रिस्ती नाही, पण तुमचं वाचून राहावलं नाही म्हणून लिहितो. द्राक्षाचं मले माहीत नाही, संत्र्याचं माहीत हाये. माह्या आज्यानं लावलेली बाग हाये. शेंदूरजना घाटावरून जंभेरीवरची कलमं आणाची, खड्डे भराचे, चारपाच वर्षं निसतं पाणी द्याचं, तवा कोठी फळ दिसते. मंग डिंक्या येते, खोडाले बोर्डो पेस्ट लावा. आंबिया बहारासाठी झाडाले पाण्याचा ताण द्या, तो ताण थोडा जास्त झाला का झाड सुकते. इतकं केलेल्या बागेची ‘दुसरी चांगली बाग घे’ म्हणून बदली होत नसते जी. राजाले ते भाजीचं वावर करासाठी पाह्यजे होतं. म्हणजे झाडं तोडूनच टाकली असती न त्यानं. हे वाचल्यावर जास्त लागलं मनाले.

त्या नाबोथाची बायको होती का? तिचं काय झालं?

सदरची सुलभा

वसंताभाऊ, झाडं तोडण्याची गोष्ट तुम्ही बरोबर पकडली. इतकी वर्षं हा अध्याय वाचते, पण मळा मोडून भाजी लावणं म्हणजे काय हे असं डोळ्यांपुढं आलं नव्हतं. नाबोथाच्या बायकोचा उल्लेख ग्रंथात नाही.

तुमच्यासाठी आणखी एक सांगते. नव्या करारात याकोबाचं पत्र आहे. मृग कोरडा गेला की आमच्या मंडळीत पावसासाठी प्रार्थना होते आणि त्या पत्राचा पाचवा अध्याय निघतो. एलीया आपल्यासारखाच माणूस होता, त्यानं प्रार्थना केली आणि साडेतीन वर्षं पाऊस पडला नाही, पुन्हा प्रार्थना केली आणि आकाशानं पाऊस दिला, अशी ती सतरावी-अठरावी ओवी. पण त्याच अध्यायाच्या चौथ्या ओवीत आहे की ज्या मजुरांनी तुमची शेतं कापली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. पाऊस मागताना चौथी ओवी सोडून सतराव्या ओवीवर जाणं मला पटत नाही. दोन्ही एका दमात वाचली पाहिजेत.

मातीवाचक (पुणे)

उत्तम धागा. इतिहासाच्या बाजूनं थोडी भर घालतो.

अहाब हा केवळ ग्रंथातला राजा नाही. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या कुर्ख इथं सापडलेल्या शिलालेखात इ. स. पू. ८५३ च्या कर्करच्या लढाईचं वर्णन आहे. त्यात अश्शूरविरुद्ध एकत्र आलेल्या राजांमध्ये इस्राएलच्या अहाबाचे २,००० रथ आणि १०,००० सैनिक नोंदले आहेत. रथांचा आकडा फुगवलेला असावा असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, पण राजा बलाढ्य होता हे त्यातून दिसतंच. त्याचा बाप अम्री याचं नाव मवाबच्या मेशा राजाच्या शिलालेखात आहे, तो १८६८ मध्ये दीबानला सापडला. शोमरोनच्या उत्खननात हस्तिदंती कोरीवकामाचे ढीगभर तुकडे निघाले, आणि ‘१ राजे’च्या बाविसाव्या अध्यायात अहाबाच्या हस्तिदंती महालाचा उल्लेख आहे. ज्याच्याकडं हे सगळं होतं त्याला शेजारचा एक मळा हवा होता.

दुसरी गोष्ट दुष्काळाची. एलीयानं दुष्काळच का मागितला? १९२८ मध्ये सीरियाच्या किनाऱ्यावर एका शेतकऱ्याचा नांगर जुन्या थडग्याच्या दगडाला अडला आणि पुढच्या वर्षापासून तिथं उत्खनन सुरू झालं. ते उगारित शहर. तिथल्या मातीच्या पाट्यांवर बआलच्या कथा मिळाल्या. त्यात बआल हा ढगांवर स्वार होणारा, गडगडाट करणारा, पावसाचा देव आहे. तो मृत्युदेवाच्या तावडीत सापडला की जमीन करपते, परत आला की पाऊस येतो. हे कळल्यावर एलीयाचं पहिलं वाक्य वेगळं ऐकू येतं. त्यानं बआलला त्याच्याच अंगणात आव्हान दिलं. पाऊस तुमच्या देवाच्या हातात आहे ना, मग पाडून दाखवा. ‘दंव’ हा शब्दही मुद्दाम आहे, कारण कनानमध्ये कोरड्या उन्हाळ्यात द्राक्षं दंवावर तग धरतात.

आणि कावळे! करीथ ओढ्याकाठी एलीयाला कावळे भाकर आणि मांस आणून देतात. लेवीयच्या नियमात कावळ्याची जात अशुद्ध पक्ष्यांत मोडते. नियमशास्त्राचा एवढा कैवारी, आणि त्याला अशुद्ध पक्ष्याच्या चोचीतलं खावं लागतं.

अंजली_धरमपेठ

कावळ्यांचं वाचून अंगावर काटा आला. आपल्याकडं कावळा शिवण्याला केवढं महत्त्व.

वाचतेय. सगळ्यांनी लिहीत राहा.

इस्रायल आळी (अलिबाग)

आम्ही बेने इस्रायली. तुमचा एलीया आमच्याकडं एलियाहू हन्नबी. त्याच्याशिवाय आमचं एकही शुभकार्य होत नाही, म्हणून लिहिणं भाग आहे.

आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पुढं तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी शनवार तेली म्हणू लागले. पोथ्या बुडाल्या, पण काही गोष्टी राहिल्या, आणि त्यात एलियाहू हन्नबी राहिला.

नवस फेडायचा असो, लग्न असो, मूल झालं असो, नवं घर असो, आमच्यात मालिदा करतात. पोहे भिजवायचे, त्यात गूळ किंवा साखर, भरपूर ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा. ताटात पोह्यांचा ढीग, भोवती फळं, वर गुलाबाची फुलं. घरातले पुरुष भोवती बसून एलियाहू हन्नबीचं हिब्रू गीत म्हणतात, मग झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतल्या फळाचा वेगळा, आणि मग ताट सगळ्यांत फिरतं. पोह्यांना खोबऱ्याचं दूध सुटतं तेव्हाचा वास ज्यानं घेतलाय त्याला मी काय म्हणतो ते कळेल. इस्राएलला गेलेली आमची मंडळी तिथंही मालिदा करतात. दुसऱ्या देशांतल्या यहुद्यांकडं ही रीत नाही, ती आमचीच.

अलिबागजवळ खंडाळे गावात एक खडक आहे. त्यावर एलियाहूच्या घोड्याच्या टापेची आणि रथाच्या चाकांची खूण आहे असं आम्ही मानतो. तो तिथून स्वर्गात गेला. इथं लोक नवस बोलायला येतात.

बाकी जगभरच्या यहुदी घरांत वल्हांडणाच्या जेवणाला त्याच्यासाठी द्राक्षारसाचा प्याला भरून ठेवतात आणि दार उघडतात. सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात. मलाखीच्या ग्रंथात शेवटी लिहिलंय की परमेश्वराच्या दिवसाआधी तो येईल आणि बापांची मनं मुलांकडं आणि मुलांची मनं बापांकडं वळवील. म्हणून वाट पाहायची.

सुलभाताई, नाबोथाची गोष्ट आमच्या तनाखमध्येही, म्हणजे आमच्या हिब्रू धर्मग्रंथातही, तीच आहे. पण मालिद्याच्या ताटाभोवती मात्र ती कधी निघत नाही, हे तुमचं वाचताना जाणवलं.

सदरची सुलभा

दादा, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्यानं वाचून दाखवला. कोकणच्या पोह्या-खोबऱ्यात एलीया आहे हे तिला आज पहिल्यांदा कळलं. मनापासून आभार.

अनिकेत_प्र (अमरावती)

एक शंका. शुभवर्तमानात येशू म्हणतो की योहान बाप्तिस्मा करणारा हाच येणारा एलीया. म्हणजे हा पुनर्जन्म झाला का? आणि एलीया मेलाच नाही तर मग तो आपल्या सप्तचिरंजीवांसारखा मानायचा का?

फादरांचा विद्यार्थी (नागपूर)

अनिकेत, चांगली शंका आहे. जो मेला नाही त्याचा पुनर्जन्म कसा होईल? ‘२ राजे’च्या दुसऱ्या अध्यायात एलीया वावटळीतून वर घेतला जातो. जुन्या करारात असा आणखी एकच माणूस आहे, हनोख, आणि त्याच्याबद्दल उत्पत्तीच्या पुस्तकात जेमतेम एक ओळ आहे.

योहानाबद्दल मत्तयच्या शुभवर्तमानात येशू तसं म्हणतो हे खरं. पण योहानाच्या शुभवर्तमानात यरुशलेमहून आलेले याजक या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला थेट विचारतात, तू एलीया आहेस काय, आणि तो म्हणतो, नाही. याचा उलगडा लूकच्या पहिल्या अध्यायात होतो. देवदूत योहानाचा बाप जखऱ्या याला सांगतो की हा मुलगा एलीयाच्या आत्म्यानं आणि सामर्थ्यानं चालेल. म्हणजे तेच काम, तीच धार. एलीया गेल्यावर यरीहोचे लोक त्याचा शिष्य अलीशा याच्याबद्दलही असंच म्हणाले होते, एलीयाचा आत्मा याच्यावर उतरला आहे. तिथं तर गुरू-शिष्य एकाच काळातले.

योहानाचा वेशही पाहा. अंगात उंटाच्या केसांचं वस्त्र, कमरेला कातड्याचा पट्टा. अहाबाचा मुलगा अहज्या आजारी असताना त्याच्या माणसांना वाटेत एक माणूस भेटतो. तो कसा दिसत होता, असं अहज्या विचारतो. केसाळ, कमरेला कातड्याचा पट्टा, एवढं ऐकून राजा ओळखतो, हा एलीयाच! योहानाला पाहून लोकांना काय आठवलं असेल ते यावरून समजतं. आणि योहानानंही राजालाच तोंडावर सुनावलं, हेरोदाला, त्याच्या भावाच्या बायकोवरून. जीव गेला त्याचा.

ऑगस्टच्या ६ तारखेला आमच्याकडं प्रभूच्या रूपांतराचा सण असतो. डोंगरावर येशूशी बोलायला दोघं येतात, मोशे आणि एलीया. पेत्र तिथंच तंबू ठोकू म्हणतो.

ताजबागकर (नागपूर)

आमच्याकडं हजरत इलियास. कुराणात त्यांचं नाव दोनदा येतं. सूरह अस्‌-साफ्फातमध्ये १२३ पासूनच्या आयतींत ते आपल्या लोकांना विचारतात की सर्वांत उत्तम निर्माणकर्त्याला सोडून तुम्ही बअलला का हाक मारता. म्हणजे बअलचं नाव कुराणातही आहे. मातीवाचक यांनी उगारितबद्दल लिहिलं ते वाचून त्या आयतींचा रोख आणखी समजला.

पाऊस लांबला की आम्ही शहराबाहेर मैदानात इस्तिस्काची नमाज पढतो. त्यात इमाम अंगावरची चादर उलटी करून घेतात, म्हणजे हालत पालटो अशी दुआ. त्याआधी तौबा करायची, कुणाचं देणं असेल तर देऊन टाकायचं, असं मोठी माणसं सांगतात. सुलभाबेन, तुम्ही मजुरीच्या ओवीबद्दल लिहिलं ते यासाठीच मला फार जवळचं वाटलं.

धोंडी काढणाऱ्या पोरांच्या अंगावर पाणी ओतायला आमच्या मोहल्ल्यातल्या बायकाही दारात यायच्या. लहानपणी पाहिलंय.

नि:शस्त्र (वर्धा)

सगळे एलीयाचं गुणगान करताहेत, पण कर्मेलवर, कोणाचा देव अग्नी पाठवतो या पैजेत, अग्नी पडल्यानंतर काय झालं ते कोणी लिहिलं नाही. बआलच्या ४५० संदेष्ट्यांना त्यानं किशोन ओढ्याकाठी नेऊन ठार केलं. हरलेल्या, निःशस्त्र माणसांना. नाबोथासाठी उभा राहणारा आणि हे करणारा एकच माणूस आहे. वर्ध्याच्या मातीत वाढलेल्या मला हे गिळता येत नाही. श्रद्धा चुकीची असली म्हणून माणूस कापायचा का? ज्यांना हा अध्याय मुलांना शिकवायचा आहे त्यांनी या प्रश्नाचं उत्तर आधी स्वतःला द्यावं.

सदरची सुलभा

तुमचा आक्षेप योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. मला ती कत्तल समर्थनीय वाटत नाही. ईजबेलनंही संदेष्टे मारले होते, अहाबाचा कारभारी ओबद्या यानं शंभर जणांना पन्नास-पन्नास करून गुहांत लपवलं होतं, त्या काळाची रीत तशी होती, हे सगळं सांगता येतं. पण त्यानं किशोनचं रक्त धुतलं जात नाही.

फक्त ग्रंथ काय करतो तेवढं पाहा. अग्नी देवानं पाठवला असं लिहिलंय. मारायची आज्ञा देवानं दिली असं त्या अध्यायात कुठं नाही. आणि लगेच पुढच्या अध्यायात, विजयाच्या दुसऱ्याच दिवशी, हा माणूस ईजबेलच्या एका निरोपाला भिऊन रानात पळतो आणि मरण मागतो. ज्या राष्ट्राला वळवायला हे सगळं केलं ते वळलेलं नसतं. पुढं होरेब डोंगरावर वारा येतो, भूकंप होतो, अग्नी येतो, आणि त्या अग्नीत परमेश्वर नव्हता असं वचन सांगतं. कर्मेलच्या अग्नीनंतर एकाच पानावर हे वाक्य येतं. मला तरी त्यात एलीयाला मिळालेला धडा दिसतो.

पुढं सेनापती येहू राजा झाला आणि त्यानं अहाबाच्या घराण्याची कत्तल केली, तीही देवाच्या नावानं. पण होशेय संदेष्ट्याच्या पहिल्याच अध्यायात परमेश्वर म्हणतो, इज्रेलच्या रक्तपाताबद्दल मी येहूच्या घराण्याला शासन करीन. बायबल स्वतःच स्वतःशी असं भांडतं. मुलांना शिकवताना ते भांडणही शिकवावं.

नि:शस्त्र

होशेयचं ठाऊक नव्हतं. वाचतो. उत्तर प्रामाणिक आहे, धन्यवाद.

मनमोकळं (नागपूर)

मी समुपदेशक आहे. मला या सगळ्यात एकोणिसाव्या अध्यायाची सुरुवात सर्वांत मोलाची वाटते. एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. देवदूत येतो. तो त्याला रागवत नाही, धीर धर म्हणत नाही, त्याच्या श्रद्धेची परीक्षा घेत नाही. तो म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी असतं. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. त्यालाही कोणी हटकत नाही. दुसऱ्यांदा देवदूत उठवतो तेव्हाही आधी खाणंच, वर एवढंच की पुढची वाट तुला झेपणार नाही.

त्यानंतर चाळीस दिवसांची वाटचाल, आणि मग कुठं प्रश्न: एलीया, तू इथं काय करतोस? तो म्हणतो मी एकटाच उरलो. उत्तर मिळतं की सात हजार जण आहेत ज्यांनी बआलपुढं गुडघे टेकले नाहीत. आणि लगेच काम मिळतं, शिष्यही मिळतो.

माझ्याकडं येणाऱ्या माणसांच्या घरचे बहुतेक वेळा सात हजारांपासून सुरुवात करतात. तू एकटा नाहीस, बघ किती लोक आहेत. भाकर, पाणी आणि दोनदा झोप राहून जाते. ज्यांच्या घरात कोणी असं खचलेलं आहे त्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा.

वावरातला वसंता

शिष्य म्हणजे तो अलीशा न? मी शोधून वाचलं. तो बारा बैलजोड्या घेऊन वावर वाहत होता. एलीयानं त्याच्या अंगावर झगा टाकला आन्‌ त्यानं बैलांची जोडी कापून जुवाच्या लाकडावर शिजवली. आमी पोळ्याले बैलाच्या पाया पडतो जी. वाचून जीव कसानुसा झाला.

फादरांचा विद्यार्थी

वसंताभाऊ, समजू शकतो. अलीशाच्या बाजूनं एवढंच सांगतो की ज्या घरी बारा जोड्या औताला आहेत ते घर खाऊनपिऊन सुखी होतं. त्यानं औत आणि बैल दोन्ही ठेवलं नाही, म्हणजे कंटाळा आला तर परत यायला काही उरलं नाही. आणि ते जेवण त्यानं गावाला घातलं.

त्याआधीची सारफथची विधवाही विसरू नका. ओढा आटल्यावर देव एलीयाला कुठं पाठवतो? सीदोनच्या मुलखात, म्हणजे ईजबेलच्या माहेरी. तिथली एक परकी विधवा, मडक्यात मूठभर पीठ, बुधल्यात थोडं तेल, मुलासोबत शेवटचं खाऊन मरायचं म्हणून काटक्या वेचत असते. त्याच मुलखातली राणी त्याच्या जिवावर उठली आणि त्याच मुलखातल्या बाईनं त्याला जगवलं. येशूनं नासरेथच्या सभास्थानात हीच गोष्ट काढली, की इस्राएलात पुष्कळ विधवा होत्या पण एलीयाला परकीकडं पाठवलं. गावकरी इतके भडकले की त्याला कड्यावरून लोटायला निघाले.

काळा कोट (नागपूर)

मी इथल्या खंडपीठात वकिली करतो, मुख्यतः जमिनीच्या दाव्यांत. नाबोथाचं प्रकरण धाग्यामुळं दोनदा वाचलं. सुलभाताईंनी जे मांडलं त्यात तीन गोष्टी जोडतो.

या खुनात कागद पूर्ण आहेत. मोहर खरी आहे. वडीलधारे हजर आहेत. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात देहदंडाला किमान दोन साक्षीदार लागतात, म्हणून साक्षीदार बरोबर दोन. ‘निर्गम’ या पुस्तकात देवाला आणि अधिपतीला शाप देऊ नये असं आहे, म्हणून आरोपही नेमका तोच. कायदा मोडून केलेला अन्याय निदान ओळखू येतो. इथं कायद्याच्या प्रत्येक कलमाला हात जोडून माणूस मारला.

दुसरं, पत्रं अहाबाच्या नावानं गेली होती, पण काम झाल्याचा निरोप गावच्या वडिलांनी कोणाला पाठवला? ईजबेलला. चौदावी ओवी पाहा. म्हणजे पत्र कोणाचं आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यातल्या एकानंही विचारलं नाही. आणि नाबोथ मेला हे ऐकल्यावर अहाबानंही विचारलं नाही की धडधाकट माणूस मेला कसा. एलीया मात्र ईजबेलकडं आधी जात नाही, तो अहाबाला धरतो. कारण ताबा अहाबानं घेतला. ज्याच्या नावावर जमीन चढली त्यानंच जबाब द्यायचा.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातल्या कोणालाही लगेच खटकेल. नाबोथ मेला तरी जमीन राजाकडं कशी जाते? वारसांकडं जायला हवी. एकविसावा अध्याय यावर काहीच बोलत नाही. उत्तर ‘२ राजे’च्या नवव्या अध्यायात, सव्विसाव्या ओवीत आहे. तिथं नाबोथाच्या रक्तासोबत त्याच्या मुलांच्या रक्ताचा उल्लेख आहे. वारस शिल्लक ठेवले नव्हते.

वावरातला वसंता

वकीलसाहेब, हे वाचून दहा मिनिटं काही सुचलं नाही. सातबारावरचं नावच मिटवलं म्हणा न.

सदरची सुलभा

काळा कोट, ती ओवी मी अनेकदा वाचली असेल, पण येहूच्या लढाईच्या वर्णनात ती निसटून जाते. आता दोन्ही अध्याय समोर ठेवून बसले आहे. वसंताभाऊंनी बायकोबद्दल विचारलं होतं, त्या घरात तिच्याशिवाय कोणी उरलं नसेल.

आणखी एक गोष्ट त्याच जागी सापडली. येहू आपला सरदार बिदकर याला सांगतो, तुला आठवतं ना, आपण दोघं अहाबाच्या मागं रथांतून चाललो होतो तेव्हा परमेश्वरानं त्याच्याविरुद्ध, याच शेतात परतफेड करीन, हे वचन दिलं. म्हणजे ते वचन झालं तेव्हा राजाच्या मागं हे दोन स्वार होते. त्यांनी ऐकलं, आणि वर्षानुवर्षं गप्प राहून अहाबाचीच चाकरी केली. अहाबानं गोणपाट नेसून पश्चात्ताप केला म्हणून त्याची शिक्षा लांबली, तो रामोथ-गिलादला बाणानं मेला. त्याचा मुलगा योराम मात्र येहूच्या बाणानं पडला आणि त्याचं प्रेत नाबोथाच्याच शेतात टाकलं गेलं.

पावसाच्या प्रार्थनेच्या रविवारी वाचन माझ्याकडं आहे. पाळकसाहेबांशी बोलले. ‘१ राजे’ २१ पूर्ण, लगेच ‘२ राजे’ ९ मधली पंचवीस-सव्विसावी ओवी, आणि याकोबाचा पाचवा अध्याय पहिल्या ओवीपासून. ते हो म्हणाले. ताजबागकर आणि वसंताभाऊ, सकाळी साडेआठची उपासना आहे, यायचं असेल तर मला निरोप टाका, चर्चचा पत्ता कळवते.